सेवेकडे परतू पाहणारी परिचारिका : शरीयत काय सांगते?



काही महिन्यांपूर्वी जुमाची नमाज आटोपून लोक पांगत असताना एक गृहस्थ मस्जिदीच्या हौजापाशी रेंगाळत राहिले. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील, घाटावरच्या एका गावचे. सर्व गेल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "इमाम साहेब, एक मसला आहे. घरवालीने लग्नाआधी नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स केला आहे. दोन वर्षे नोकरीही केली. अकरा वर्षे झाली, घरीच आहे. तीन लेकरं. धाकटा आता शाळेत जाऊ लागला, तर म्हणते, पुन्हा दवाखान्यात जाते. अम्मीला हे मंजूर नाही. तुम्ही एवढे सांगून टाका की हे जायज नाही, म्हणजे घरात शांतता होईल."

मी विचारले, "ती का जाऊ इच्छिते?"

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "ते मी विचारले नाही."

हा लेख त्या उत्तरातून निघाला आहे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निकाहनाम्याच्या आणि रेशन कार्डाच्या खाली, परिचारिकेचे एक प्रमाणपत्र घडी घालून ठेवलेले असते. त्या कागदाविषयी दीन काय म्हणतो, हे आपण शांतपणे पाहू या.

परंतु त्याआधी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. इमामतीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावी, जवळजवळ हाच प्रश्न मला विचारला गेला होता. मी तरुण होतो, उत्तरे देण्याची घाई होती. स्त्रीचे कार्यक्षेत्र घर आहे, एवढे सांगून मी विषय संपविला. तीन वर्षांनी माझ्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणाची रात्र आली. रात्रीचे दोन वाजले असतील. मी प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर येरझारा घालत होतो आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारीत होतो : आत बाईच आहे ना? पुरुष तर नाही ना? पहाटे एक परिचारिका भगिनी बाहेर आल्या, मुलगी झाल्याचे सांगितले, आणि भिंतीला टेकून दोन घोट पाणी प्यायल्या. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या. बोलता बोलता समजले की त्यांचे दोन वर्षांचे लेकरू त्या रात्री तापाने फणफणलेले होते आणि सासूबाईंच्या स्वाधीन करून त्या कामावर आल्या होत्या. मी त्यांचे आभार मानले. पण मान वर करता आली नाही. मला माझ्या पत्नीसाठी स्त्री परिचारिका हवी होती, आणि दुसऱ्याच्या पत्नीने परिचारिका होऊ नये, असे मीच सांगून बसलो होतो.

वाचकहो, हा विरोधाभास केवळ माझा नाही. आपल्या समाजात सोनोग्राफीला बाई हवी, टाके घालायला बाई हवी, आजारी आईला स्नान घालायला बाई हवी. ही मागणी योग्यच आहे. हया हा ईमानचा अंश आहे आणि फुकहांनी स्त्री रुग्णाच्या उपचाराचा क्रम लावताना स्त्री वैद्याला प्रथम स्थान दिले आहे. पण ती बाई कोणाच्या घरातून यायची? प्रत्येकाने आपली लेक, आपली सून घरी ठेवायची आणि दुसऱ्याची लेक आपल्या खाटेपाशी रात्रभर जागावी अशी अपेक्षा धरायची, याला न्याय म्हणता येणार नाही.

शरीयतमध्ये यासाठी एक नेमकी संज्ञा आहे : फर्ज-ए-किफाया. जे कर्तव्य समाजातील काहींनी पार पाडले तर सर्वांच्या शिरावरून उतरते आणि कोणीच पार पाडले नाही तर सर्व गुन्हेगार ठरतात, ते फर्ज-ए-किफाया. जनाजाची नमाज हे त्याचे उदाहरण आपण मुलांना शिकवितो. इमाम गजाली (रह.) यांनी वैद्यकशास्त्राची गणना याच वर्गात केली आहे. स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया तयार करणे हे त्याच कर्तव्याचे अर्धे अंग आहे. ज्या वस्तीत पन्नास स्त्रिया बाळंत होतात आणि एकही प्रशिक्षित स्त्री पुढे येत नाही, त्या वस्तीने आपल्या हिशोबाचा विचार करावा.

आता मदरशातील एक गोष्ट सांगतो. 'नूरुल ईजाह' हा फिक्हचा ग्रंथ आम्ही अगदी सुरुवातीच्या वर्षांत शिकतो. इमाम शुरुंबुलाली (रह.) यांचा. त्यात नमाज कोणत्या कारणाने तोडता येते किंवा लांबविता येते, याचे एक प्रकरण आहे. तेथे दाईचा उल्लेख येतो. प्रसूती चालू असताना बाळाच्या जिवाची भीती असेल तर दाईने नमाज लांबवावी आणि बाळाकडे लक्ष द्यावे, तिच्यावर दोष नाही, अशा आशयाचा तो मसला आहे. आम्ही तीस मुले एका सुरात तो पाठ करीत असू. ती दाई कोण, ती घरातून कशी बाहेर पडली, तिच्या मुलांना त्या वेळी कोण पाहत होते, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. ज्या नमाजीला रणांगणातही सूट नाही, फक्त तिची पद्धत बदलते, ती नमाज एका स्त्रीच्या हातातील कामासाठी थांबू शकते, हे केवढे मोठे विधान आहे, हे मला त्या रात्री प्रसूतिकक्षाच्या दारात उमगले.

फिक्हच्या ग्रंथांत ही दाई वारंवार भेटते. इमाम मरगीनानी (रह.) यांच्या 'हिदाया'मध्ये जन्माच्या बाबतीत एका स्त्रीची साक्षही ग्राह्य मानली आहे, कारण तेथे पुरुषांची दृष्टी पोहोचत नाही. 'दुर्रे मुख्तार'मध्ये पत्नीने घराबाहेर पडण्याच्या सबबी सांगताना आई-वडिलांच्या भेटीबरोबरच ती दाई असणे किंवा मयत स्त्रीला गुस्ल देणारी असणे, ही सबब नोंदविली आहे. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : या ओळींवर भाष्य करताना अल्लामा इब्न आबिदीन शामी (रह.) यांनी पतीची परवानगी आवश्यक मानणारे मतही दिले आहे, कारण पतीचा हक्क व्यक्तिगत आहे आणि फर्ज-ए-किफाया सामूहिक. म्हणजे पतीची संमती हा विषय किरकोळ नाही. परंतु ज्या फुकहांनी हा वाद घातला त्यांनी दाईचे काम हे इबादतीच्या तोलाचे मानूनच तो घातला. 'बायकांनी काम करावे की नाही' असा त्यांचा प्रश्न नव्हता.

आणखी मागे, मदीनेकडे चला. हिजरी ५ मध्ये खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू ठोकविला, जेणेकरून जवळून विचारपूस करता यावी. इमाम बुखारी (रह.) यांच्या 'अल-अदबुल मुफ्रद'मध्ये हेही येते की साद (रजि.) यांना रुफैदा नावाच्या स्त्रीकडे सोपविण्यात आले होते, ती जखमींवर उपचार करीत असे, आणि प्रेषित (स.) सकाळ-संध्याकाळ तेथून जाताना प्रकृती कशी आहे ते विचारीत. हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) यांचे नाव आज अनेक मुस्लिम देशांतील परिचर्या विद्यालये आदराने घेतात. आपल्या मस्जिदींत मात्र ते क्वचितच ऐकू येते. या दुर्लक्षात माझाही वाटा आहे.

हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) सांगतात की त्या मोहिमांत लोकांना पाणी पाजीत, जखमींची शुश्रूषा करीत, आणि मृत व जखमींना मदीनेस परत आणीत. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) सात मोहिमांत सहभागी होत्या, तळावर मागे राहून अन्न शिजविणे, जखमींवर मलमपट्टी करणे आणि आजाऱ्यांची देखभाल हे त्यांचे काम. याच उम्मे अतिय्या (रजि.) यांनी प्रेषित (स.) यांच्या कन्येला गुस्ल दिला. पुढे त्या बसऱ्यास जाऊन राहिल्या आणि तेथील लोक मयतीच्या गुस्लची पद्धत त्यांच्याकडून शिकले. वय झाले म्हणून त्यांची विद्या घडी घालून कप्प्यात गेली नाही, हे लक्षात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही याबाबतीत बोलका आहे. परपुरुष वैद्यापुढे न जाणाऱ्या स्त्रिया उपचाराविना मरतात, हे दिसल्यावर १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. १८८६ मध्ये मुंबईत खास स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन स्थापन केले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयाशी जोडून परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण मिळू लागले. त्यांत विधवा भगिनी होत्या, ज्यांना घराबाहेर पाऊल टाकणे म्हणजे लोकनिंदेला आमंत्रण. त्या काळी हे काम हलके मानले जाई; परक्याचे मलमूत्र काढणे, परक्याच्या शरीराला हात लावणे! आज आपल्या घरांतून जे आक्षेप ऐकू येतात त्यांतील निम्मे तेव्हा पुण्याच्या वाड्यांत ऐकू येत होते. म्हणून सर्वच आक्षेप दीनमधून आलेले नसतात. काही केवळ रूढीतून येतात आणि दीनचा अंगरखा घालून उभे राहतात.

असो. मूळ गृहस्थांकडे वळू या. मी त्यांना म्हणालो, तुम्ही आधी पत्नीला विचारा, मग आपण तिघे-चौघे बसू. दिव्य कुरआनने या बाबतीत एक सुंदर नमुना आपल्यापुढे ठेवला आहे. सूरह बकराच्या आयत २३३ मध्ये दूध पाजण्याचा पूर्ण कालावधी दोन वर्षांचा सांगितला आहे. परंतु माता-पित्यांनी परस्परांच्या संमतीने व सल्लामसलतीने त्याआधी दूध तोडण्याचे ठरविले तर त्यांच्यावर दोष नाही, अशी मुभाही दिली आहे. मुलाच्या दुधासारख्या नाजूक बाबीत अल्लाहने एकट्या पतीला हुकूम दिला नाही, एकट्या पत्नीलाही नाही. दोघांच्या रजामंदीला आणि मशवऱ्याला अट केले. ज्या आईच्या दुधाचा निर्णय मशवऱ्याने व्हायचा, तिच्या विद्येचा निर्णय तिला न विचारता कसा होईल?

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या मावशीची हकिकत आहे. तलाक झाला होता, इद्दत चालू होती, खजुरीच्या बागेतील फळे उतरवायची होती. एका माणसाने बाहेर पडल्याबद्दल तिला झापले. ती स्वतः प्रेषित (स.) यांच्याकडे गेली. त्यांनी तिला जाण्याची अनुमती दिली आणि त्या फळांतून कदाचित तू दानधर्म करशील किंवा एखादे सत्कृत्य घडेल, असे सांगितले. झापणाऱ्याचे नाव हदीसमध्ये नाही. आपण त्या निनावी माणसाच्या जागी उभे नाही ना, हे प्रत्येक पुरुषाने स्वतःला विचारावे. मीही विचारले आहे.

मात्र, भगिनींनो, आता तुमच्याशी बोलतो, आणि थोडे कठोर बोलतो. परतणे हा तुमचा हक्क ठरविण्यापूर्वी ती एक अमानत आहे, हे ध्यानी घ्या. अबू दाऊद व नसाई यांनी नोंदविलेल्या एका हदीसचा आशय असा की ज्याला वैद्यकीचे ज्ञान नाही आणि तरी जो उपचार करतो, तो होणाऱ्या नुकसानीस जबाबदार धरला जाईल. अकरा वर्षांपूर्वी आलेले ज्ञान आजही जसेच्या तसे आहे, असे समजणे धोक्याचे आहे. २०१४ च्या सुमारास ज्या भगिनींनी नोकरी सोडली त्यांच्या वेळचे लसीकरणाचे वेळापत्रक आज राहिलेले नाही. गोवर-रुबेलाची लस आपल्या राज्यात २०१८ च्या मोहिमेपासून आली, रोटाव्हायरसची २०१९ मध्ये, न्यूमोकोकलची २०२१ मध्ये. जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम २०१६ चे आहेत. कोणती सुई कोणत्या रंगाच्या डब्यात, हेही बदलले. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाला आधी श्वास द्यायचा की आधी छाती दाबायची, हा क्रमसुद्धा २०१० नंतर उलटला आणि जुन्या वह्यांत जुनाच राहिला. औषधाच्या मात्रेत एका दशांश चिन्हाची चूक म्हणजे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

म्हणून पहिले पाऊल अर्जाचे नसून अभ्यासाचे असावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील आपली नोंदणी चालू आहे की तिची मुदत संपली, ते पाहा. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावयाचे असते आणि भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाचा मापदंड ठेवला आहे. मुदत उलटलेली असेल तर काय करायचे ते परिषदेकडूनच विचारून घ्यावे. पैसे घेऊन काम करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. खोटे तास दाखवून मिळविलेल्या कागदावर कमावलेला पगार हलाल राहील का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. शक्य असेल तर काही आठवडे एखाद्या अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली, केवळ पाहण्यासाठी आणि विचारण्यासाठी, उभे राहा. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलीला विचारताना संकोच वाटेल. इल्मच्या मार्गात दोघेच मागे राहतात, असे उलमा सांगत आले आहेत : लाजणारा आणि गर्विष्ठ.

ज्यांनी अद्याप नोकरी सोडलेली नाही त्यांना एक व्यावहारिक सूचना. बाळंतपणानंतर घाईने राजीनामा देऊ नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, आणि राज्य शासनाच्या सेवेतील स्त्रियांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते. दोन-तीन वर्षांचा अवघड काळ निभावता आला तर अकरा वर्षांची दरी पडत नाही. शासकीय भरतीत वयाची अटही असते, हेही विसरू नये.

पगाराविषयी आपल्या घरांत मोठा गोंधळ आहे. सूरह निसाच्या आयत ३२ चा आशय स्पष्ट आहे : पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा वाटा, स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा. पत्नीची कमाई पत्नीची. ती कमावू लागली म्हणून पतीवरील नफका, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा यांची जबाबदारी, उतरत नाही. 'जातेस ना कामाला, मग घराचा हप्ता तू भर' असे हक्काने म्हणणे शरीयतला धरून नाही. तिने स्वखुशीने दिले तर तो तिचा उपकार आहे, आणि त्याचे मोलही मोठे आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) यांनी आपल्या पतीवर व पदरच्या अनाथ मुलांवर खर्च केला तर तो सदका ठरेल का, असे विचारविले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी दुहेरी पुण्याची शुभवार्ता दिली : एक नात्याचे, एक सदक्याचे. याबरोबर जकातही तिचीच, हे विसरू नये. बचत निसाबपर्यंत पोहोचून वर्ष उलटले की तिने स्वतः हिशोब करावा.

गणवेश, रात्रपाळी आणि नमाज हे तीन प्रश्न मला सर्वाधिक विचारले जातात. डोके झाकणारा स्वच्छ, आटोपशीर स्कार्फ बहुतेक ठिकाणी चालतो. नोकरी स्वीकारण्याआधीच नम्रपणे विचारून घ्यावे. हात धुताना बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात, हा आक्षेप बऱ्याच भगिनींच्या मनात असतो. हनफी ग्रंथांत इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून असे मत आले आहे की भाकरी भाजण्यासारख्या कामावर रोजाने राहणाऱ्या स्त्रीचे हात कोपरापर्यंत उघडे पडणे क्षम्य आहे, कारण त्यावाचून काम होत नाही. रुग्णाला जंतुसंसर्गापासून वाचविण्याची गरज भाकरीपेक्षा नक्कीच मोठी. काम झाले की बाही खाली घ्यावी.

नमाजीसाठी पाळ्यांचा हिशोब मांडा. सकाळच्या पाळीनंतर जुहरला वेळ उरतो. दुपारच्या पाळीत असर आणि मगरिब येतात. फर्ज रकातींना काही मिनिटेच लागतात आणि तेवढा वेळ सहकारी भगिनी सहसा सांभाळून घेतात. त्यांच्या सणाच्या दिवशी तुम्ही त्यांची पाळी घ्या, त्या तुमची ईद सांभाळतील. आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांत हे पूर्वीपासून चालत आले आहे. आणि खरोखरच एखाद्याचा जीव हातात असेल, तर 'नूरुल ईजाह'मधील दाई आठवा. पण मोबाइल पाहत वेळ गेला असेल तर ती सबब चालणार नाही.

रात्रपाळीबाबत मी सरसकट हुकूम देणार नाही. स्त्रियांच्या कक्षात, इतर स्त्री कर्मचाऱ्यांसह, सुरक्षित जागी असेल आणि घरून नेण्या-आणण्याची सोय असेल तर हरकत दिसत नाही. एकटीने परपुरुषासोबत बंद खोलीत बसण्याची पाळी येत असेल तर ती नाकारावी. प्रवासाचेही तसेच. चिखलीहून बुलढाण्यास रोज एस.टी.ने जाणे हा शरई सफर नाही. मुंबईला एकटीने जाऊन राहणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण सुमारे ७७-७८ किलोमीटरपलीकडील प्रवासाला हनफी मतानुसार महरमची सोबत लागते. पण पावसाळ्याच्या संध्याकाळी राजूर घाटात किंवा बोथ्याच्या जंगलात अडकलेली एस.टी. फतव्याने हलत नाही. तेथे पतीची मोटारसायकल लागते.

मुलांचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तोच खरा आहे. त्या गृहस्थांच्या अम्मींशी मी बोललो. लोक समजतात तशा त्या कठोर नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मौलाना साब, मैंने छह पाले. अब घुटने काम नहीं करते. वो जाएगी, तो सातवाँ, आठवाँ, नववाँ मेरे सर." यात दीनचा आक्षेप एकही नव्हता, सांधेदुखी होती, आणि तिला कोणीच विचारले नव्हते, हे दुःख होते. सासूवर सुनेच्या मुलांना सांभाळण्याची शरई सक्ती नाही. ती सांभाळते तो एहसान आहे, आणि एहसानाची गृहीत धरून वाटणी करता येत नाही. मग भार कोणावर? मी त्या गृहस्थांकडे पाहिले. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (स.) घरात काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजीची वेळ झाली की बाहेर पडत. ही सुन्नत दाढीइतकीच सुन्नत आहे. आम्ही पुरुषांनी सोपी तेवढी उचलली.

ज्या भगिनी घरीच राहू इच्छितात त्यांनी या लेखाने आपले मन छोटे करून घेऊ नये. मुलांचे संगोपन हे कमी प्रतीचे काम आहे, असे मी म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. एखाद्या मुलाला खरोखरच आईची सतत गरज असेल, आजार असेल, तर तो हक्क पुढे येतो. परंतु ती निवड तिची असावी; आणि गल्लीत कोणाची साखर वाढली, कोणाच्या जखमेवर ड्रेसिंग करायचे आहे, तेव्हा हीच भगिनी अकरा वर्षे विनावेतन धावत आली असेल, तर तिची विद्या घरी बसली होती असेही म्हणू नये.

आपल्या जिल्ह्याला या हातांची गरज आहे. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे खचली आहेत; डायलिसिसच्या खाटेशेजारी चार-चार तास बसणारी आपली माता-भगिनी कोणाच्या हाताने सुई टोचून घेते? सैलानीला दरवर्षी मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे आपण पाहतो. त्यांना दुआबरोबर उपचाराकडे वळविणारी, त्यांचीच बोली बोलणारी परिचारिका हवी आहे. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे खाटा वाढतील, आणि खाटांबरोबर त्यांच्यापाशी उभे राहणारे लोकही लागतील.

त्या घरी आम्ही दोनदा बसलो. पहिल्या वेळी ती भगिनी पडद्याआडून फारसे बोलली नाही. दुसऱ्या वेळी तिने एक वही आणली होती. मुलांच्या शाळेच्या वेळा, एस.टी.च्या वेळा, नोंदणीचा खर्च, सगळे लिहिलेले. का जायचे आहे, हे पतीने तेव्हा प्रथमच विचारले. ती म्हणाली, मागच्या वर्षी शेजारच्या घरात बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला होता, मला काय करायचे ते आठवत होते, पण हाताला आठवत नव्हते. गाडी वेळेत मिळाली म्हणून ती वाचली.

असे ठरले आहे : सध्या सहा महिने फक्त दिवसपाळी. त्याआधी दोन महिने अभ्यास, आणि नोंदणीचे काम पतीने स्वतः सोबत जाऊन करायचे. धाकट्याला शाळेतून आणणे पतीकडे, कारण त्यांचे दुकान शाळेच्या रस्त्यावरच आहे. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात. अम्मींनी एक अट घातली की जुमेरातला त्या आपल्या लेकीकडे जातील, त्या दिवशी मुले सांभाळायची नाहीत. ती सर्वांनी मान्य केली. रात्रपाळीचा प्रश्न सहा महिन्यांनी पुन्हा बसून पाहायचा आहे. मलाही बोलावले आहे.